अटलांटिक जायंट भोपळ्याचं बी: तीन हंगाम लावल्यावर

‘डिल्स अटलांटिक जायंट’ हे बी मी सलग तीन हंगाम लावलं. पहिल्या वर्षी साधं पाकीट, दुसऱ्या वर्षी त्याच पाकिटातल्या उरलेल्या बिया, आणि तिसऱ्या वर्षी एका जुन्या भोपळेवाल्याने, म्हणजे प्रचंड भोपळे पिकवणाऱ्याने दिलेलं, आईबापाची नावं (कोणत्या दोन वेलांच्या संकरातून आलं ते) लिहिलेलं बी. तिन्ही वर्षांच्या नोंदी वहीत आहेत, म्हणून हे लिहायला बसले. आधीच सांगून टाकते: बी चांगलं आहे, जरूर घ्या. पण पाकिटावरच्या फोटोवर जाऊ नका. वेलावर मादी फुलं यायला लागली की या बियाचे खरे गुण कळतात, आणि त्या फुलात काय बघायचं हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं.

बियाबद्दल थोडक्यात. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या विंडसर गावचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करत हे वाण तयार केलं. १९८१ साली त्यांचा स्वतःचा भोपळा ४९३.५ पौंड, म्हणजे साधारण २२४ किलो भरला होता, आणि तेव्हा तो जागतिक विक्रम होता. आज जगात जे जे प्रचंड भोपळे पिकतात, त्यांचं मूळ शोधत गेलं की बहुतेक वेळा याच घराण्यात पोचतो. २०१२ साली रॉन वॉलेस यांनी २००९ पौंडांचं फळ आणलं आणि एक टनाची (अमेरिकेतला टन, म्हणजे २००० पौंड, साधारण ९०७ किलो) वेस पहिल्यांदा ओलांडली गेली. २०२३ मध्ये ट्रॅव्हिस गिंगर यांचा भोपळा २७४९ पौंड भरला. किलोत सांगायचं तर १२४७ च्या आसपास. पाकिटावर असले आकडे बघूनच आपण भुलतो. मीही भुलले होते.

रुजवणीबद्दल तक्रार नाही. पाकिटात १० बिया होत्या. टरफल जाड असतं, त्यामुळे टोकाकडची बाजू सोडून कडा कानशीने हलक्या हाताने घासल्या, काही तास पाण्यात ठेवल्या आणि माती उबदार राखली. पहिल्या वर्षी ४ लावल्या, चारही पाचव्या-सहाव्या दिवशी वर आल्या. पानं बघताबघता ताटाएवढी होतात. जागा मात्र भरपूर हवी. एका वेलाला ५० चौरस मीटर दिले तरी तो कुंपणाशी जाऊन थांबतो.

आता फुलांकडे येते, कारण सांगण्यासारखं सगळं तिथेच आहे.

आधी नर फुलं येतात, लांब बारीक देठावर, ढिगाने. मादी फूल नंतर येतं आणि ते ओळखायला चष्मा लागत नाही: पाकळ्यांच्या खाली चिमुकला भोपळा आधीपासून तयार असतो. वेलाच्या शेंड्यात तो वाटाण्याएवढा दिसायला लागला की फूल उमलायला आठवडा-दहा दिवस राहिले असं धरायचं. उमलतं पहाटे, दुपारपर्यंत मिटून लोळागोळा. त्या एका सकाळी परागकण पोचले तर फळ धरतं, नाहीतर गोळा पिवळा पडून गळतो. मी शिवणकाम करते, सकाळी उशिरापर्यंत मशीन चालू करत नाही ते या फुलांमुळेच. फुलांच्या दिवसांत माझा भाचा मुद्दाम राहायला येतो आणि अंधार असतानाच टॉर्च घेऊन वेलात शिरतो.

पाकळ्या बाजूला केल्या की मधोमध जाडसर, पिवळा-केशरी भाग दिसतो. शाळेच्या पुस्तकातली कुक्षी ती हीच. तिचे खंड पडलेले असतात. भोपळेवाले त्यांना ‘सेगमेंट’ म्हणतात आणि मादी फूल उघडलं की आधी तेच मोजतात. या जातीच्या भोपळ्याला एरवी तीन खंड असतात. अटलांटिक जायंटमध्ये मात्र चार आणि पाच सर्रास दिसतात, क्वचित सहासुद्धा. प्रत्येक खंड वरून दुभंगलेला असतो, त्यामुळे नवख्या माणसाची मोजताना गफलत होते. एकाच वेलावरची दोन फुलंही सारखी नसतात. माझ्या पहिल्या वेलावर आधी तीनाचं आलं, मग पाचाचं, मग चाराचं.

जितके खंड, तितके फळाच्या आतले कप्पे. त्यामुळे जास्त खंड म्हणजे जास्त रुंद फळ, आणि रुंद म्हणजे वजनदार, असा समज भोपळेवाल्यांत पक्का बसलेला आहे. त्याला अगदीच आधार नाही असं नाही. टोमॅटोत कप्पे वाढले की फळ मोठं होतं, ही वनस्पतिशास्त्रात नीट तपासलेली गोष्ट आहे. मोठ्या गावरान टोमॅटोचं फूल कधी जवळून बघा, मधला भाग चपटा आणि घड्या पडलेला दिसतो. म्हणून पहिल्या वर्षी भाचा पहाटे ओरडला, “मावशी, ये लवकर, पाच आहेत!”, तेव्हा मी दुसरं काही बघितलंच नाही. तेच फूल ठरवलं आणि बाकीची खुडून टाकली.

त्या फुलाचा देठ जेमतेम ३ सेंटीमीटरचा होता आणि वेलाला चिकटून, अरुंद कोनात पुढे गेला होता. ही नोंद मी त्याच दिवशी वहीत केलेली आहे. तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

भोपळा फुगतो तेव्हा देठाभोवतीचे त्याचे खांदे वर येतात. देठ लांब आणि वेलाशी काटकोनात असेल तर खांद्यांना जागा मिळते. आखूड असेल, कोन अरुंद असेल, तर एका बाजूचा खांदा वेलाला ढकलायला लागतो. वेल पेरापेराशी मुळांनी जमिनीला जखडलेला, तो हलत नाही. सगळा ताण येतो देठाच्या बुडाशी. शिवणीत हे मी रोज बघते: बाही तोकड्या मुंड्यात बसवली तर कापड टिकतं, उसवतं ते काखेत. सत्ताविसाव्या दिवशी देठाच्या बुडाला अंगठ्याच्या नखाएवढी चीर दिसली, कडेला रसाचा थेंब. आम्ही ती जागा कोरडी ठेवली, वरून सावली केली. चौतिसाव्या दिवशी बोट लावलं तर आत मऊ लागलं. टेपच्या मापांवरून काढलेलं वजन तोपर्यंत अंदाजे ७१ किलो भरलं होतं आणि फळ जोरात वाढत होतं. त्या दिवशी मी मशीनवर बसलेच नाही.

देठ म्हणजे फळाची एकमेव नळी आहे. पानांनी केलेली साखर आणि मुळांनी ओढलेलं पाणी यातूनच आत जातं. २०१५ साली जेसिका सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रचंड भोपळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान फळांच्या भोपळ्यांशी तुलना करता साखर वाहून नेणाऱ्या ऊती यांच्यात जास्त आहेत, असं त्यांना आढळलं. पिढ्यानपिढ्या मोठं फळ निवडता निवडता माणसांनी नकळत जाड नळी निवडली होती. मला हे वाचून फार आनंद झाला. देठाकडे बघायचं एक ठोस कारण हातात आलं.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी क्रमच बदलला. आधी देठ, मग जागा, मग गोळ्याचा आकार, आणि खंड सगळ्यात शेवटी.

जागेचंही सांगते. मुख्य वेलावर बुंध्यापासून ३ ते ४ मीटरच्या टप्प्यात धरलेलं फूल मला बरं वाटतं. त्याच्या अलीकडे धरलं तर फळ भुकेजतं, कारण मागे पानांची फौजच उभी राहिलेली नसते. पलीकडे गेलं तर दिवस हातचे जातात. शिवाय फूल वेलाच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला हवं, म्हणजे वेल फळापासून लांब वळत जातो. नैसर्गिक वळण नसेल तर ते हळूहळू देता येतं. हे काम दुपारनंतर करायचं. सकाळी वेल पाण्याने टच्च भरलेला असतो आणि गाजरासारखा कडकन मोडतो, उन्हं खाल्ल्यावर जरा नरम पडतो. रोज दोन बोटं सरकवायचा आणि बांबूच्या खुंट्यांनी अडवून ठेवायचा. फळाच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन-तीन पेरांची मुळं सोडवून टाकायची, मग फळ वाढताना वेल वर उचलला जातो आणि देठ वाचतो. हे कोणत्याही पाकिटाच्या पाठीवर दोन ओळींत छापता आलं असतं.

दुसऱ्या वर्षी चार खंडांचं सुंदर फूल बुंध्यापासून १.८ मीटरवर आलं. ते मी सोडलं. पुढे ३.४ मीटरवर तीन खंडांचं आलं, देठ ७ सेंटीमीटर, कोन जवळपास काटकोन. भाच्याचं तोंड उतरलं. “तीनच गं,” म्हणाला. तरी तेच ठेवलं. ब्याण्णवाव्या दिवशी ११८ किलो भरलं, शेवटपर्यंत देठाला ओरखडा नाही. पाकिटातल्या उरलेल्या बियांतून आणि नुसत्या तीन खंडांच्या फुलातून!

पाच-सहा खंडांच्या फुलांबद्दल एक सावधगिरी. खंड वाढतात तशी कुक्षी कधीकधी चुरगळल्यासारखी येते, दोन खंड एकमेकांत चिकटलेले, घड्या आत वळलेल्या. अशा जागी परागकण नीट पोचत नाहीत आणि गोळा एका अंगाने फुगतो. माझं सहा खंडांचं एक फूल असंच वाकडं झालं आणि आठव्या दिवशी गळलं. दुसरं म्हणजे फळाचं बूड, जिथून फूल सुटून पडतं ती खूण. ती रुपयाएवढी असली तर काळजी नाही. बशीएवढी पसरट असेल तर तिथे साल पातळ राहते, ओल धरते आणि चीर पडते. मला मोठं बूड दिसलं ते बहुतेक वेळा जास्त खंडांच्या फुलांवरच. त्यामुळे फूल ठरवताना मी आता गोळ्याचं खालचं टोकही वळवून बघते.

गोळ्याच्या आकाराला मी मान देते. उमलायच्या दिवशी तो लिंबाएवढा, घट्ट, तुकतुकीत आणि पाकळ्यांशी जुळणारा पिवळा हवा. भोपळवर्गातल्या फळांचा आकार पेशींच्या संख्येवरही ठरतो आणि पेशींची विभागणी फूल उमलायच्या आधीपासून सुरू असते, हे एडमंड सिनट यांच्या १९३० च्या दशकातल्या कामापासून माहीत आहे. म्हणजे उमललेलं फूल आपण बघतो तेव्हा फळाचा पाया आधीच भरलेला असतो. कळीच्या दिवसांत पाणी तोडलं किंवा पोरकटपणे शेंडा हाताळला तर पाया कच्चा राहतो. त्या आठवड्यात मी वेलाच्या टोकाला कुणाला हात लावू देत नाही.

हाताने परागीभवन करणं या बियासाठी मी आवश्यक मानते. आदल्या संध्याकाळी मादी कळीच्या टोकाला पाकळ्यांवरून सैल दोरा बांधते, म्हणजे मधमाशी आधी शिरत नाही. तीन-चार नर कळ्याही तोडून पाण्यात ठेवते. पहाटे नर फुलाच्या पाकळ्या सोलायच्या, मधला दांडा ब्रशसारखा धरायचा आणि प्रत्येक खंडावर, त्याच्या फटीतही, हलक्या हाताने फिरवायचा. चार खंडांना चार नर फुलं असा माझा ठेवणीतला हिशेब आहे. चार मिनिटांचं काम, पण ते करताना श्वास रोखला जातो. पराग कोवळ्या पिठासारखा बोटाला लागतो आणि कुक्षी किंचित चिकट लागते. ती चिकट नसेल, कोरडी असेल, तर उशीर झाला समजा. पारा ३२ अंशांच्या वर जाणार असेल तर फूल गळायची शक्यता बरीच वाढते. तेव्हा मी फुलावर ओलं पांढरं कापड दांडीवर ताणून सावली करते.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण विक्रेते तो पसरू देतात. ‘चॅम्पियन’ वेलाचा पराग आणून आपल्या फुलाला लावला म्हणजे यंदाचा भोपळा मोठा होईल, असं नाही. आपण जे वजन करतो ती साल आणि गर आईच्या शरीराचा भाग आहे. बापाचा वाटा बियांत उतरतो आणि पुढच्या हंगामात दिसतो. परागीभवन भरपूर व्हायला हवं ते फळ नीट धरावं म्हणून.

आता पाकिटाचा दोष. माझ्या दहा बियांतल्या दोन वेलांना राखाडी-हिरवी, लांबुळकी फळं धरली. त्यांची मादी फुलं बारीक होती, गोळा उमलतानाच निमुळता. मी विक्रेत्याला फोटो पाठवले, त्यांनी ‘हवामानाचा परिणाम’ असं उत्तर दिलं. हे मला पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. फळाचा घाट हवामान बदलत नाही, बियाची शुद्धता बदलते. उघड्यावर मधमाश्यांनी केलेल्या संकरातून गोळा केलेलं बी असेल तर तसं लिहावं. घेणाऱ्याचे तीन-चार महिने जातात.

तिसऱ्या वर्षीच्या बियात हा घोळ नव्हता. त्याच्या पुडीवर आईचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष होतं, खाली बापाचंही तसंच. जगभर हीच पद्धत आहे. वॉलेस यांच्या त्या फळाच्या बियांना ‘२००९ वॉलेस’ म्हणतात आणि नवखे लोक २००९ हे साल समजतात. ते पौंड आहेत. मी दोन वेल शेजारीशेजारी लावले. दोन्हींवरची मादी फुलं बघताच फरक कळला: जवळजवळ सगळ्यांचे देठ लांब, गोळे एका साच्यातून काढल्यासारखे. एका वेलावर चार खंडांचं फूल धरलं, दुसऱ्यावर पाचाचं, दोन्हींचे देठ ७ ते ८ सेंटीमीटर आणि काटकोनात. चाराचं १८७ किलो भरलं, पाचाचं १७३. दोन वेलांवरून नियम बांधत नाही, पण पाचाच्या मागे धावायचं मी सोडलं.

वजनाचा अंदाज रोज घ्यायचा असेल तर शिंप्याची टेप पुरते. एक माप आडवा घेर, दुसरं जमिनीपासून वरून जमिनीपर्यंत देठाच्या दिशेने, तिसरं तसंच आडवं. तिन्हींची बेरीज करून मापावरून वजन सांगणाऱ्या तक्त्यात बघायची. सुरुवातीचे दहा दिवस काही कळत नाही, विसाव्या दिवसानंतर टेप रोज नवी खूण मागते. जगज्जेती फळं ऐन भरात दिवसाला वीसेक किलो घेतात. माझ्या चाराच्या फळाने एका दिवसात ५ किलो घेतले, ती तारीख वहीत लाल पेनाने लिहिलेली आहे.

हौसेने पहिल्यांदा लावणाऱ्याने साधं पाकीट घ्यावं. ८ बिया तरी असाव्यात, ३ वेल वाढवावेत आणि मादी फुलं बघून एकच ठेवावा. या पाकिटाला मी पाचपैकी साडेतीन तारे देते, दीड तारा शुद्धतेसाठी कापला. स्पर्धेत उतरायचं असेल तर नाव-वर्षाचं बी मिळवा, त्याला साडेचार. आणि ते देणाऱ्याला आईचं वजन विचारून झालं की एवढं जरूर विचारा: तिच्या फुलाचा देठ केवढा होता, कोन कसा होता, बूड किती पसरलं होतं. मला बी देणाऱ्या त्या भोपळेवाल्याने तिन्हींची उत्तरं न अडखळता दिली होती. येत्या हंगामासाठी मी १८७ किलोच्या फळातल्या ४० बिया वाळवून ठेवल्यात, आणि पुडीवर वजनाच्या खाली लिहिलंय: चार खंड, देठ ८ सेंमी, काटकोन, बूड रुपयाएवढं.